तिकीट मुंबईचे, कौल संगमनेरचा

१२ जानेवारी २०२३. नाशिक पदवीधर मतदारसंघाचे उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. नाशिक रोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयात दुपारी तीनला मुदत संपायची होती. काँग्रेसने डॉ. सुधीर तांबे यांचे नाव आधीच जाहीर केले होते. २००९ पासून तेच या मतदारसंघाचे आमदार होते, त्यामुळे पक्ष ही जागा हातातली धरून चालला होता. तीन वाजले आणि बातमी फुटली की डॉक्टरांनी अर्जच भरलेला नाही. अर्ज आहे तो त्यांच्या मुलाचा, सत्यजित तांबे यांचा. त्या अर्जाला पक्षाचा एबी फॉर्म जोडलेला नव्हता, त्यामुळे सत्यजित अपक्ष ठरले. जाहीर उमेदवार असलेला पक्ष दुपारी तीननंतर उमेदवाराविना उरला.

तांबे कुटुंब संगमनेरचे. सत्यजित यांचे मामा बाळासाहेब थोरात तेव्हा काँग्रेसचे विधिमंडळ पक्षनेते होते. राज्यभर या घटनेची चर्चा झाली ती बंडखोरी म्हणून, घराण्यातला पेच म्हणून. संगमनेरच्या जुन्या माणसांना मात्र दुसरीच गोष्ट आठवली. अडतीस वर्षांपूर्वी मामांनाही पक्षाने तिकीट नाकारले होते, मामाही अपक्ष उभे राहिले होते, आणि निवडून आले होते.

दोन इच्छुक असले की त्यांतला निवडून कोण येईल, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? प्रत्येक पक्षाला प्रत्येक निवडणुकीत हा प्रश्न सोडवावा लागतो. राजकारणाच्या बोलीत त्याला ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात. संगमनेर तालुक्याने गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर तीनदा दिले, आणि तिन्ही वेळा ते कोणाचा ना कोणाचा पक्का अंदाज मोडणारे होते. म्हणून ही हकिगत एका तालुक्याची असली तरी सांगण्यासारखी आहे.

प्रवरेकाठचा तालुका

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले हे गाव नाशिक-पुणे रस्त्यावरची जुनी बाजारपेठ आहे. शहरात विडी कामगारांची मोठी वस्ती. नदीकाठी ऊस, आणि काठ सोडून तळेगाव-निमोणच्या बाजूला वळले की पाण्यासाठी तरसणारी माळराने. एकाच तालुक्यात बागायत आणि दुष्काळ शेजारी शेजारी नांदत असल्याने इथले राजकारण पहिल्यापासून पाण्याभोवती फिरले. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख याच मातीतले. विधानसभेत आणि विधानसभेबाहेर पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी त्यांनी हयात घालवली.

काँग्रेसच्या बाजूला धांदरफळचे बी. जे. खताळ-पाटील होते. १९६२ पासून ते संगमनेरचे आमदार होते. पुढे मंत्री झाले, पाटबंधारे खाते त्यांनी सांभाळले आणि धरणांच्या कामांवर आपला ठसा ठेवला. त्यांच्यासमोर उभे राहिले जोर्व्याचे भाऊसाहेब थोरात. हे स्वातंत्र्यसैनिक, तरुणपणी डाव्या चळवळीत वावरलेले, पुढे सहकारात रमलेले. साखर कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था या त्यांच्या उभारणीतून तालुक्याची अर्थव्यवस्था बदलत गेली. १९७८ मध्ये भाऊसाहेब आमदार झाले, १९८० मध्ये खताळ-पाटील परत आले. दोघेही तोलामोलाचे होते. लोक दोघांनाही मानत आणि वेळ आली की दोघांनाही घरी बसवत. संगमनेरचा मतदार कोणाच्या दावणीला बांधलेला नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

१९८५: लाटेच्या विरुद्ध

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली. डिसेंबरच्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. लगेच मार्च १९८५ मध्ये विधानसभा आली. अशा हवेत पक्षाच्या तिकीटवाटपात एक समजूत घर करते. पंजा ज्याच्या हाती देऊ तो निवडून येणार, मग उमेदवार जोखत बसायचे कशाला? चिन्हाचे वजन माणसाच्या वजनाहून जास्त धरले जाते.

खताळ-पाटील त्याच सुमारास निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. पुढे ते शंभरी ओलांडून जगले, पण सत्तेच्या वाटेला पुन्हा गेले नाहीत. जागा मोकळी झाली. भाऊसाहेबांचे चिरंजीव विजय ऊर्फ बाळासाहेब थोरात इच्छुक होते. वय ३२, शिक्षण वकिलीचे, काम दूध उत्पादक आणि शेतकऱ्यांच्या चळवळीतले. पक्षाने तिकीट दिले शकुंतला थोरात यांना. बाळासाहेब अपक्ष उभे राहिले.

तिकीट ठरवणाऱ्यांना जे दिसले नसेल ते समजून घ्यायचे तर त्या काळातल्या एखाद्या गावच्या दूध संकलन केंद्रावर जायला हवे. पहाटे आणि संध्याकाळी, दिवसातून दोनदा, गावातले घरटी एक माणूस किटली घेऊन तिथे येते. दूध मोजले जाते, फॅट लावली जाते, वहीत आकडा चढतो. रांगेत उभ्या बाईला दूध कमी का भरले हे विचारले की तिच्या घरातले आजारपण कळते, गाय आटल्याचे कळते, चाऱ्याची टंचाई कळते. पगार झाला की नाही याचा पहिला बोभाटा तिथेच होतो. दूध संघाचे काम करणाऱ्याला गावोगावचे चेअरमन आणि सेक्रेटरी नावाने ठाऊक असतात. कोणती वाडी नाराज आहे आणि कशासाठी, हेही ठाऊक असते. निवडणुकीच्या कामाला लागणारी माणसे अशा उमेदवाराला नव्याने शोधावी लागत नाहीत. ती रोज पहाटे त्याच्याकडे येतच असतात. मुंबईतल्या पक्षाच्या टिळक भवनातल्या किंवा दिल्लीतल्या यादीवर ही गोष्ट लिहिलेली नसते. तिथे नाव असते, जात असते, शिफारस असते.

निकाल लागला तेव्हा काँग्रेसला राज्यात २८८ पैकी १६१ जागा मिळाल्या होत्या. १९८० मध्ये तिला १८६ मिळाल्या होत्या. म्हणजे लोकसभेची लाट तीन महिन्यांतच ओसरू लागली होती. २० अपक्ष निवडून आले, आणि त्यांत संगमनेरचे बाळासाहेब थोरात होते. पक्षाने ज्याला कमकुवत ठरवले त्याने पक्षाचाच उमेदवार पाडला. पुढे ते काँग्रेसमध्ये आले आणि १९९० पासून सलग सात वेळा पंजावर निवडून गेले.

पक्षाने त्यातून धडा घेतला की नाही हे बाजूला ठेवू. तालुक्याने घेतला. तिकीट म्हणजे निवडणूक नव्हे, हे संगमनेरच्या कार्यकर्त्याला १९८५ मध्येच कळले.

जोखण्याच्या तऱ्हा

आपल्याकडे उमेदवार जोखण्याची रीत ठरलेली आहे. इच्छुकांकडून अर्ज मागवतात, निरीक्षक येतो, विश्रामगृहावर मुलाखती होतात. इच्छुक गाड्या भरून माणसे आणतात आणि घोषणा देतात. तालुका समिती शिफारस करते, जिल्हा समिती तीवर शेरा मारते, यादी प्रदेशाकडून दिल्लीला जाते. अलीकडे खासगी संस्थांची सर्वेक्षणेही त्यात आली. शेवटी नाव ठरते ते बंद दाराआड, आणि त्या दारापर्यंत ज्याचा हात पोचतो त्याचे पारडे जड होते.

अमेरिकेने यावर दुसरा उपाय केला. तिथेही पूर्वी पक्षाचे पुढारीच उमेदवार ठरवीत. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर तरुणांचा उद्रेक झाला, हम्फ्री हरले, आणि त्यानंतर पक्षाने नियम बदलले. उमेदवार ठरवण्याचा अधिकार प्राथमिक निवडणुकीत मत देणाऱ्या सामान्य समर्थकाकडे आला. पण नव्या नियमांनुसार १९७२ मध्ये उमेदवारी मिळवलेले जॉर्ज मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले. समर्थकांना जो आवडतो तो सगळ्यांना आवडेलच असे नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

म्हणून तिथे प्रश्न आणखी टोकदार झाला. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो काही मोजक्या काठावरच्या राज्यांत. मग त्या राज्यांत आपल्यापैकी बळकट कोण, हे पाहूनच उमेदवार निवडावा का? २०१६ मध्ये मिशिगन आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांतल्या प्राथमिक निवडणुका बर्नी सँडर्स यांनी जिंकल्या होत्या, उमेदवारी मात्र हिलरी क्लिंटन यांना मिळाली. नोव्हेंबरमध्ये ही दोन्ही राज्येही त्यांच्या हातून निसटली. मिशिगनमधले अंतर होते १०,७०४ मतांचे. सँडर्स असते तर ते जिंकलेच असते असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जे घडलेच नाही त्याची मतमोजणी होत नसते. पण काठावरच्या मतदाराने आधीच काही सांगितले होते आणि ते पुरते ऐकले गेले नाही, एवढे तरी म्हणता येते. मिशिगनचा हा आकडा लक्षात ठेवावा. संगमनेरशी त्याची गाठ पुढे पडणार आहे.

महाराष्ट्रातही हा प्रयोग एकदा झाला. २०१४ च्या लोकसभेपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या थोड्या मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे मतदान घेऊन उमेदवार निवडले. त्यांत वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना मागे टाकले, लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. दोघेही लोकसभेला दोन लाखांहून अधिक मतांनी पडले. त्या मोदी लाटेत काँग्रेसला राज्यात नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा मिळाल्या, तेव्हा पराभवाचे खापर या पद्धतीवर फोडणे न्यायाचे नाही. तरी पक्षाने तो प्रयोग सोडून दिला. माझ्या मते ती चूक होती. पहिल्या पावसात पीक गेले म्हणून शेतकरी पेरणी सोडत नाही.

२०२३: जांभळ्या पेनाचा कौल

आता नाशिक रोडच्या त्या दुपारकडे परत येऊ.

सत्यजित तांबे युवक काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष राहिलेले होते. २०१४ मध्ये अहमदनगर शहरातून विधानसभा लढवून ते हरले होते. त्यानंतर संघटनेत काम केले, पण निवडणुकीचे तिकीट वाट्याला आले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी मराठीत आणलेल्या ‘सिटिझनविल’ या पुस्तकाचे मुंबईत प्रकाशन झाले. मूळ पुस्तक कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचे. त्या समारंभात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बाळासाहेब थोरातांना उघडपणे सुचवले की अशा तरुणाला फार दिवस बाहेर ठेवू नका, नाहीतर आमचे लक्ष जाईल. सभागृहात ते हसण्यावारी गेले. महिनाभरानंतर त्याला वेगळा अर्थ आला.

काँग्रेसने चालत आलेली जागा चालत्या माणसाला दिली. वरकरणी यात चूक काहीच नव्हती. पण घरात आणि मतदारसंघात पिढी बदलायची वेळ आली आहे, हे मुंबईला एकतर कळले नाही किंवा कळून वळले नाही. मग एबी फॉर्मवरून रण माजले. हा फॉर्म म्हणजे दोन साधे कागद. ‘ए’ सांगतो की पक्षाच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि ‘बी’ सांगतो की उमेदवार कोण. मूळ सहीचे हे कागद शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडले तर माणूस पक्षाचा, नाहीतर अपक्ष. निवडणुकीनंतर सत्यजित यांनी सांगितले की आपल्याला आधी चुकीचे, दुसऱ्या मतदारसंघांचे फॉर्म पाठवण्यात आले. प्रदेश काँग्रेसने हा आरोप फेटाळला. पक्षाने पितापुत्र दोघांनाही निलंबित केले आणि ठाकरे गटाच्या पाठबळावर लढणाऱ्या शुभांगी पाटील यांना महाविकास आघाडीने आपला उमेदवार मानले. भाजपने स्वतःचा उमेदवार दिला नाही.

नाशिक, तेव्हाचे अहमदनगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असा पाच जिल्ह्यांचा हा मतदारसंघ. इथे यंत्र नसते, मतपत्रिका असते. मतपत्रिकेवर पंजा, कमळ, मशाल काही नसते. असतात ती नावे. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच नावापुढे पसंतीचा आकडा टाकायचा, दुसरे पेन चालत नाही. मतदार पदवीधर, आणि तोही ज्याने आधी अर्ज भरून यादीत नाव घातले आहे असाच. ही नोंदणी हेच या निवडणुकीचे अर्धे काम. वर्षभर शाळा-महाविद्यालये, वकिलांच्या खोल्या, दवाखाने, पतसंस्था पालथ्या घालून ज्याने नावे नोंदवली, त्याची मते मतदानाआधीच बांधलेली असतात. तांबे कुटुंब हे काम तेरा वर्षे करत आले होते. पक्षाच्या हाती शिक्का होता, पण या मतपत्रिकेवर शिक्क्याला जागाच नव्हती.

३० जानेवारीला मतदान झाले, २ फेब्रुवारीला मोजणी. सत्यजित तांबे यांना ६८,९९९ मते, शुभांगी पाटील यांना ३९,५३४. अंतर २९,४६५. पाच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, बाळासाहेब थोरातांनी विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिल्याची बातमी आली. पुढे समजूत घालण्यात आली आणि ते पदावर राहिले. मामा १९८५ मध्ये जिथे उभे होते तिथेच भाचा २०२३ मध्ये उभा राहिला, आणि दोन्ही वेळा पक्षाचा अंदाज चुकला.

बळ नाशवंत असते

इथे थांबलो तर गोष्ट सोपी होईल: पक्ष चुकतो, स्थानिक माणूस बरोबर असतो. पण नगर जिल्ह्यानेच तिची दुसरी बाजूही दाखवली आहे.

२०१९ मध्ये नगर दक्षिणची लोकसभेची जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीत राष्ट्रवादीकडे होती. काँग्रेसचे सुजय विखे यांना ती हवी होती, आणि राष्ट्रवादी सोडायला तयार नव्हती. ते भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीच्या संग्राम जगताप यांचा २,८१,४७४ मतांनी पराभव केला. एवढ्या आकड्यानंतर या माणसाला कोण हरवणार, असेच सगळे म्हणाले. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच मतदारसंघात पारनेरचे नीलेश लंके यांनी त्यांना २८,९२९ मतांनी हरवले. माणूस तोच, पक्ष तोच, मतदारसंघही तोच. बळ मात्र तेच राहिले नव्हते.

त्या पराभवानंतर सुजय विखे यांनी नजर वळवली ती थेट संगमनेरकडे. विखे आणि थोरात यांची स्पर्धा दोन पिढ्यांची. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा संगमनेर तालुक्यातला आश्वी-जोर्वे भाग शिर्डी विधानसभेत गेला, म्हणजे थोरातांचे जन्मगाव विखेंच्या मतदारसंघात आले. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुजय विखे यांनी संगमनेरमध्ये गावोगावी सभा घेतल्या. महायुतीपुढे प्रश्न उभा राहिला: आठ वेळा आमदार झालेल्या, मुख्यमंत्रिपदासाठी नाव घेतल्या जाणाऱ्या थोरातांपुढे बळकट कोण? नाव, पैसा, घराणे आणि यंत्रणा असलेले विखे, की तालुक्यातलाच एखादा कमी परिचित कार्यकर्ता?

ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात धांदरफळला विखेंच्या सभेत एका वक्त्याने थोरातांच्या कन्या डॉ. जयश्री थोरात यांच्याविषयी असभ्य उद्गार काढले. तालुका रात्रीतून पेटला, गाड्या जळल्या, जयश्री यांनी पोलीस ठाण्यासमोर ठाण मांडले. एका बाईविषयी असे बोलणे ही त्या निवडणुकीतली सर्वांत लाजिरवाणी घटना होती, आणि तिचा निषेध पक्ष न पाहता व्हायला हवा होता. त्यानंतरच्या दिवसांत महायुतीचा निर्णय झाला. ही जागा आधीपासून शिवसेना लढवत आली होती. ती शिंदे गटाकडे गेली. भाजपमध्ये काम करणारे अमोल खताळ शिवसेनेत आले आणि उमेदवार झाले.

बहुतेकांनी ही लढत एकतर्फी धरली. तसे धरायला कारणही होते. थोरातांचे मताधिक्य २०१४ मध्ये ५८,८०५ आणि २०१९ मध्ये ६२,२५२ होते. अशा वाढलेल्या आकड्यावर शंका कोण घेणार?

२३ नोव्हेंबरला यंत्रे उघडली. मतमोजणीच्या सभागृहात जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी वही घेऊन बसतात. प्रत्येक फेरीला टेबलाटेबलावरचा आकडा उतरवून घेतात आणि गावाचे नाव पाहून मनात बेरीज करतात. हे आपले गाव, इथे इतकी आघाडी मिळायलाच हवी. आपल्याच गावात आघाडी तुटली की वहीवरचे पेन थांबते. बाहेरच्या गर्दीला निकाल उशिरा कळतो. वही धरलेल्याला तो पाचव्या-सहाव्या फेरीलाच कळून चुकतो.

अमोल खताळ १,१२,३८६. बाळासाहेब थोरात १,०१,८२६. अंतर १०,५६०. मिशिगनने २०१६ मध्ये दिलेल्या अंतराशी संगमनेरचे अंतर दीडशेहून कमी मतांच्या फरकाने जुळते. तिकडे एक कोटीच्या आसपास लोकवस्तीचे राज्य, इकडे सव्वादोन लाखांच्या आतबाहेर मतदान झालेला मतदारसंघ. निकाल फिरवणारी माणसे मात्र दोन्हीकडे जवळजवळ तितकीच.

या आकड्यांचा हिशेब नीट मांडण्यासारखा आहे. २०१९ मध्ये थोरातांना १,२५,३८० मते होती. म्हणजे त्यांची २३,५५४ मते कमी झाली. त्यांच्या विरोधातल्या मुख्य उमेदवाराची मते ६३,१२८ वरून १,१२,३८६ वर गेली. ४९,२५८ ची वाढ. थोरातांची घटलेली सगळीच मते समोर गेली असे धरले तरी निम्म्याहून अधिक वाढ बाकी उरते. ती आली कुठून? काही आधी तिसऱ्या उमेदवारांना मत देणाऱ्यांकडून, आणि पुष्कळशी २०१९ मध्ये केंद्रावर न आलेल्या किंवा यादीतच नसलेल्या मतदाराकडून. जुन्या मताधिक्याच्या आकड्यात हा मतदार दिसतच नव्हता. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यात जमा झालेल्या बाया, निळवंड्याच्या कालव्याकडे आशेने पाहणारे जिरायती शेतकरी, पहिल्यांदा मत देणारी पोरे: या सगळ्यांना १९८५ चे बंड आणि दूध संघाची उभारणी ऐकून माहीत, अनुभवाने नाही.

आणि महायुतीच्या उमेदवारीचा निर्णय? विखे उभे असते तर लढाई दोन घराण्यांची झाली असती, आणि बाहेरून आलेल्याविरुद्ध तालुका एकवटला असता. खताळ उभे राहिल्याने ती तक्रार उरली नाही. मोठे नाव बाजूला ठेवून तालुक्यातले साधे नाव पुढे करणे हीच त्या वेळची बळकट चाल ठरली. १९८५ मध्ये थोरातांनी नेमके हेच सिद्ध केले होते की कागदावरचा लहान उमेदवार जमिनीवर मोठा असू शकतो. एकोणचाळीस वर्षांनी तोच धडा त्यांच्याच वाट्याला आला.

कौल कोणाचा मानायचा

या तीन निवडणुका शेजारी शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. उमेदवाराचे बळ हे त्याच्या नावात, घराण्यात किंवा मागच्या मताधिक्यात साठवून ठेवलेले नसते. ते त्या त्या वेळी, त्या त्या मतदारसंघात, काठावर उभ्या असलेल्या माणसाशी त्याचे नाते काय आहे यावर ठरते. १९८५ मध्ये ते नाते दूध केंद्राच्या रांगेत होते, २०२३ मध्ये पदवीधरांच्या नोंदणी अर्जात होते, २०२४ मध्ये ते अशा घरांत होते जिथे जुन्या नेत्यांचे कार्यकर्ते बरेच दिवस फिरकले नव्हते. तीनही ठिकाणे मुंबईहून दिसत नाहीत. तालुक्यात राहून, कान उघडे ठेवणाऱ्यालाच ती दिसतात. तालुक्यात राहूनही कान मिटले, तर तिथल्या माणसालाही दिसत नाहीत.

म्हणून तिकीट ठरवण्याची रीत बदलली पाहिजे. विश्रामगृहावरच्या मुलाखती आणि गाड्यांची गर्दी पाहून बळ कळत नाही. पक्षांनी आपल्या सभासदांच्या याद्या खऱ्या कराव्यात, तालुक्यातल्या सभासदांचे गुप्त मतदान घ्यावे, त्याचा आकडा जाहीर करावा, आणि तो डावलायचा असेल तर कारण लेखी द्यावे. वर्धा-लातूरसारखा निकाल पुन्हा लागेल, लागू द्या. बंद दाराआडच्या चुका तर आपण सत्तर वर्षे सोसतो आहोत; उघड्यावर झालेली चूक निदान दुरुस्त करता येते.

आणि मतदारांना एवढेच सांगणे. दहा हजार पाचशे साठ मते म्हणजे तालुक्यातल्या चार-पाच मोठ्या गावांचे मतदान. बळकट कोण हे पक्ष ठरवत असतील, सर्वेक्षणे सांगत असतील, पण त्यावर शेवटची सही तुमचीच असते. ती करायला घराबाहेर पडा, आणि पुढच्या वेळी तुमच्या गावात निरीक्षक आला, तर विश्रामगृहावर घोषणा द्यायला जाऊ नका. त्याला घेऊन पहाटेच्या दूध केंद्रावर जा.